राष्ट्रगीत आणि बँडची कसोटी

आळंदी हे नाव उच्चारताच ज्ञानेश्वर माउलींची समाधी डोळ्यांपुढे उभी राहते, आणि ते योग्यच आहे. परंतु निघोजे, मोई, कुरुळी या आपल्या टापूतील लोकांना ज्या आळंदीची वाट पायाखालची आहे, त्या आळंदीचा स्वतंत्र भारताच्या राष्ट्रगीताच्या इतिहासाशीही एक संबंध आहे, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानी नसते. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांचा जन्म २० जानेवारी १८९८ रोजी याच आळंदीत झाला. भास्करबुवा बखले यांचे शिष्य, गंधर्व नाटक मंडळीतील गायक नट, 'प्रभात'च्या 'माणूस', 'शेजारी' आदी बोलपटांचे संगीतकार म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. पण 'वंदे मातरम्' हे गीत बँडवर वाजविता येते की नाही, या एका प्रश्नासाठी या गवयाने जे परिश्रम घेतले, त्यांची हकीकत आजच्या तरुणांस सांगणे अगत्याचे वाटते. कारण त्या हकीकतीत आपल्या गावोगावच्या बँडवाल्यांच्या प्रतिष्ठेचाही प्रश्न दडलेला आहे.

राष्ट्रगीत म्हटले की आपण प्रथम त्याच्या शब्दांचा विचार करतो. कवी कोण, भाषा कोणती, अर्थ काय, हे आपण मुलांस शिकवितो. परंतु राष्ट्राराष्ट्रांच्या व्यवहारात राष्ट्रगीत बहुधा शब्दांवाचूनच ऐकू येते. परदेशचा राष्ट्राध्यक्ष विमानातून उतरतो, सैनिकांची मानवंदना होते, क्रीडांगणावर ध्वज चढतो, त्या वेळी पुष्कळदा केवळ वाद्यांतून चाल उमटते आणि माणसे ताठ उभी राहतात. स्पेनच्या राष्ट्रगीतास तर आजही अधिकृत शब्दच नाहीत. पाकिस्तानच्या राष्ट्रगीताची चाल अहमद गुलाम छागला यांनी १९४९ मध्ये बांधली. १९५० मध्ये इराणच्या शहांच्या भेटीच्या प्रसंगी ती बँडवर वाजली आणि हफीज जालंधरी यांच्या शब्दांस मान्यता मिळाली ती १९५४ मध्ये. म्हणजे तेथे वाद्ये पुढे गेली आणि शब्द मागाहून आले.

जपानचे उदाहरण याहूनही बोधप्रद आहे. 'किमिगायो' या प्राचीन कवितेस पहिली चाल दिली ती जॉन विल्यम फेंटन या इंग्रज बँडमास्तराने, सुमारे १८७० मध्ये. परक्या माणसाने बांधलेली ती चाल जपानी शब्दांच्या वळणास मानवली नाही. पुढे १८८० मध्ये राजदरबारच्या जपानी संगीतकारांनी देशी धर्तीवर नवी चाल सिद्ध केली आणि फ्रान्झ एकर्ट या जर्मन बँडमास्तराने ती बँडसाठी मांडून दिली. देशी स्वर आणि परदेशी वाद्ये यांचा मेळ घालण्याचा जो प्रश्न जपानपुढे उभा राहिला, तोच सत्तर वर्षांनी आपल्यापुढे उभा राहणार होता.

हा मेळ आपल्या भूमीत अगदीच अनोळखी होता असे मात्र नाही. तंजावरच्या भोसले घराण्यातील दुसरे सरफोजी महाराज (१७७७-१८३२) यांनी आपल्या दरबारी पाश्चात्त्य पद्धतीचा बँड ठेविला होता. त्याच काळात मुत्तुस्वामी दीक्षितर या थोर वाग्गेयकारांनी इंग्रजी फौजेच्या बँडवर ऐकलेल्या चालींवर संस्कृत रचना केल्या. त्यांपैकी 'संततं पाहि मां' ही रचना तर इंग्रजांच्या राजगीताच्याच चालीवर आहे. परक्या राजाची सलामी अशा रीतीने देवीच्या स्तुतीचे गीत होऊन बसली. पुढे बडोद्यासारख्या संस्थानांत बँड उभे राहिले, आणि गोव्याच्या चर्चमधील शाळांत स्वरलेखन शिकलेले अनेक वादक संस्थानी, पोलीस व लष्करी बँडांत नोकरीस लागले. त्या काळी सलामी वाजे ती परक्या राजाची. वाजविणारे हात मात्र बहुतांशी आपलेच होते.

'जन गण मन' हे रवींद्रनाथांचे गीत २७ डिसेंबर १९११ रोजी कलकत्ता येथील राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनात प्रथम गाइले गेले. ११ सप्टेंबर १९४२ रोजी जर्मनीतील हँबुर्ग येथे सुभाषबाबूंच्या उपस्थितीत ते वाद्यवृंदावर वाजले. आझाद हिंद सेनेने याच चालीवर हिंदुस्थानी शब्दांचे गीत स्वीकारले, आणि त्या कार्यात कॅप्टन रामसिंग ठाकुरी या बँडप्रमुखाचा वाटा मोठा होता.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशाला अधिकृत राष्ट्रगीत नव्हते. १९४७ मध्ये न्यू यॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी भारतीय शिष्टमंडळाकडे वाद्यवृंदासाठी राष्ट्रगीताची मागणी झाली. शिष्टमंडळाजवळ 'जन गण मन'ची एक ध्वनिमुद्रिका होती. ती वादकांस सरावासाठी देण्यात आली. प्रत्यक्ष कार्यक्रमात ती चाल वाजली आणि जमलेल्या परदेशी प्रतिनिधींस फार आवडली. ही हकीकत पंडित नेहरूंनीच २५ ऑगस्ट १९४८ रोजी घटना समितीत निवेदन केली. त्यानंतर प्रांतोप्रांतीच्या राज्यपालांचे मत घेऊन लष्करी बँड आदींसाठी 'जन गण मन' तात्पुरते योजण्यात आले. 'वंदे मातरम्'चे स्वातंत्र्यसंग्रामातील स्थान अढळ आहे हे पंडितजींनी मान्य केले. तथापि त्याची चाल वाद्यवृंदास मानवणारी नाही, असे त्यांचे मत होते.

निर्णय केवळ वाद्यांवरून झाला, असे म्हणणे इतिहासास धरून होणार नाही. 'वंदे मातरम्'च्या पुढील कडव्यांतील देवीच्या वर्णनास आक्षेप घेतला जात होता, आणि त्यामुळे १९३७ मध्येच काँग्रेस कार्यकारिणीने पहिली दोन कडवी गाण्याचा संकेत ठरविला होता. तरीदेखील बँडचा आक्षेप हा खरा होता आणि त्यास उत्तर देणे कलावंताचे काम होते. ते काम मास्टर कृष्णरावांनी अंगावर घेतले.

'वंदे मातरम्'वरील त्यांची निष्ठा त्या वेळी नव्याने उपजलेली नव्हती. परकीय अमदानीत मुंबईच्या नभोवाणी केंद्रावर हे गीत गाताना त्यांचे गायन मध्येच बंद करण्यात आले, तेव्हा त्यांनी त्या केंद्रावर बहिष्कार घातला होता. झिंझोटी रागाच्या आधाराने त्यांनी या गीताची अशी चाल बांधली की ती सामान्य माणसांच्या समूहाला एका सुरात म्हणता यावी. बँडचा आक्षेप पुढे येताच त्यांनी मुंबईस जाऊन पोलीस बँडच्या साह्याने आपली चाल पितळी वाद्यांवर बसवून घेतली आणि दिल्लीस घटना समितीच्या सभासदांपुढे तिचे प्रात्यक्षिक करून दाखविले. ज्याने आयुष्य बखलेबुवांच्या गायकीत घालविले, मींड आणि कणस्वर ज्याच्या गळ्यात मुरलेले, त्या गवयाने बँडच्या सरळ, ठोकळ स्वरांशी झटापट केली, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या कष्टांची किंमत कळते.

ही झटापट कसली, ते थोडे उलगडून सांगितले पाहिजे. साध्या बिगुलास कळा नसतात. ओठांचा ताण कमीअधिक करून त्यातून षड्ज, पंचम, गंधार असे मोजके निसर्गस्वरच निघतात. १८१८ मध्ये प्रशियात स्टोल्झेल आणि ब्लूमेल या दोघांनी दाबाच्या कळांचे, म्हणजे व्हॉल्व्हचे, एकस्व घेतले. मधली कळ दाबली की स्वर अर्ध्या स्वराने उतरतो, पहिली दाबली की एका स्वराने आणि तिसरी दाबली की दीड स्वराने. या तीन कळांच्या जुळणीने निसर्गस्वरांमधील रिकाम्या जागा भरून निघतात. परंतु कळ एक तर दाबलेली असते, नाही तर सुटलेली. गळ्याप्रमाणे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे तिला सहज साधत नाही. ट्रॉम्बोनची सरकती नळी तेवढी त्यास अपवाद आहे. म्हणून जी चाल मींडेवर आणि बारीक हरकतींवर उभी असेल, ती पितळी वाद्यांत गेली की तिचा जीव गुदमरतो. आणि जी स्वच्छ, सुट्या स्वरांवर उभी असेल, ती तेथे तेजाने झळकते.

'जन गण मन'ची चाल या दृष्टीने बँडला अनुकूल आहे. तिचा पाया बिलावलाचा, म्हणजे शुद्ध स्वरांचा. तिचा विस्तार मंद्र निषादापासून तार षड्जापर्यंत, एका सप्तकाहून थोडासाच अधिक. तेवढ्या टप्प्यात शाळेतले लहान मूलही गाऊ शकते आणि नवशिका कॉर्नेटवालाही वाजवू शकतो. 'मराठा' या शब्दाशी तीव्र मध्यमाचा एक ओझरता स्पर्श आहे. कच्चा वादक तेथे शुद्ध मध्यम लावून मोकळा होतो, आणि जाणत्याच्या कानाला ते तत्काळ खटकते. पुष्कळ बँडची पारख याच एका स्वरावर होते.

२४ जानेवारी १९५० रोजी घटना समितीचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी निवेदन केले. त्यान्वये 'जन गण मन' हे राष्ट्रगीत ठरले आणि 'वंदे मातरम्'ला त्याच्या बरोबरीचा मान देण्यात आला. मास्टर कृष्णरावांना जे हवे होते ते पूर्णांशाने मिळाले नाही. तथापि त्यांचे श्रम वाया गेले असे मी म्हणणार नाही. आपले गीत बँडवर वाजूच शकत नाही हा आक्षेप त्यांनी वादाने नव्हे, तर वाजवून दाखवून खोडून काढला. १९७१ मध्ये त्यांस पद्मभूषण देण्यात आले आणि २० ऑक्टोबर १९७४ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले.

आता मोठ्या बँडकडून लहान बँडकडे वळू. लष्कराच्या बँडमध्ये वादक पुष्कळ असतात, त्यांस रीतसर शिक्षण मिळते. मध्य प्रदेशातील पचमढी येथे लष्करी संगीताचे खास विद्यालय १९५० पासून चालू आहे. खेडेगावच्या, शाळेच्या किंवा कारखान्याच्या ध्वजवंदनास मात्र पाचसहा वादक मिळाले तरी पुष्कळ झाले. एवढ्या माणसांत राष्ट्रगीत नीट वाजविता येते काय? माझे उत्तर असे की, नियम पाळले तर निश्चित येते, आणि ते ऐकावयास भारदस्तही वाटते. पहिल्या कॉर्नेटने चाल धरावी, दुसऱ्याने तिच्या खालच्या अंगाने साथ करावी, टेनर हॉर्नने मधली पोकळी भरावी, ट्रॉम्बोनने किंवा युफोनियमने खालचा आधार द्यावा, आणि एक माणूस साइड ड्रमवर असावा. यांतील कोणीही चाल धरणाऱ्याहून मोठा वाजवू नये, हा पहिला नियम होय.

दुसरा नियम वेळेचा. राष्ट्रगीताचे पूर्ण वादन सुमारे ५२ सेकंदांत व्हावे आणि पहिली व शेवटची ओळ एवढ्याच संक्षिप्त वादनास सुमारे २० सेकंद लागावेत, असा शासनाचा दंडक आहे. भक्तिभावाने म्हणून चाल लांबवीत नेणे, किंवा घाईने उरकणे, दोन्ही वर्ज्य. सरावास भिंतीवरचे सेकंद काट्याचे घड्याळ पुरते.

तिसरा नियम ड्रमचा. बँडवर राष्ट्रगीत वाजणार असेल तेव्हा श्रोत्यांस सूचना मिळावी म्हणून आधी ड्रमचा घोष व्हावा लागतो. संथ संचलनाची सात पावले पडावीत एवढा तो असावा. हलका सुरू होऊन चढत जावा, कळसास पोहोचून पुन्हा उतरावा, परंतु सातव्या ठोक्यापर्यंत ऐकू यावा. मग एका ठोक्याची शांतता, आणि नंतर गीत. ती एका ठोक्याची शांतता फार मोलाची आहे. तेवढ्यात माणसे उभी राहतात, टोप्या सावरतात, मुलांची कुजबूज थांबते. यंत्रावर मुद्रिका लावली असता ही पूर्वसूचना पुष्कळदा मिळत नाही. गीत एकदम अंगावर येते आणि अर्धे लोक उभे राहीपर्यंत पहिली ओळ संपून जाते.

चौथी गोष्ट श्वासाची. गाणारा जेथे शब्द संपतो तेथे श्वास घेतो. वाजविणाऱ्यापुढे शब्द नसतात, म्हणून तो भलतीकडे श्वास घेतो आणि शब्दाचे दोन तुकडे पडतात. यास्तव वादकाने गीत प्रथम तोंडाने म्हणावयास शिकावे, अर्थ समजून घ्यावा, आणि मगच वाद्य ओठांस लावावे. पाच जणांनी एकदम श्वास घेतला तर चालीत खड्डा पडतो. तेव्हा कोणी कोठे श्वास घ्यावयाचा हे आधी वाटून घ्यावे. पाचवी गोष्ट हवेची. २६ जानेवारीच्या सकाळी आपल्याकडे गारवा असतो. पितळी वाद्य थंड असता त्याचा स्वर उतरतो आणि फुंकरीने ते तापू लागले की चढतो. म्हणून वादकांनी अगोदर काही वेळ वाद्यांत ऊब भरून मग स्वर जुळवावेत. आल्या आल्या जुळविलेले स्वर ध्वज चढेपर्यंत टिकत नाहीत.

सहावी आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे संयम. वरातीत वाजविणाऱ्या वादकास हरकती घेण्याची, शेवटी उडती तान मारण्याची सवय असते. तेथे ती शोभते आणि त्यावर त्याचे पोट चालते. राष्ट्रगीतात मात्र एकही स्वर पदरचा घालावयाचा नाही. स्वतःची कला झाकून ठेवावी आणि केवळ गीत दिसू द्यावे, ही वादकाची मोठीच परीक्षा आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आपल्या समाजरचनेत वाद्य वाजविणाऱ्यास मान फार थोडा मिळाला. गुरव, घडशी, मातंग आदी ज्या समाजांनी पिढ्यान्पिढ्या सनई, संबळ, ताशा, हलगी सांभाळली आणि पुढे त्यांतील अनेकांनी पितळी वाद्येही हाती घेतली, त्यांच्या वाद्यांवाचून लग्न लागत नसे आणि देवाची पालखी हलत नसे. तरी वाजविणारा मात्र मांडवाच्या बाहेर. पंगती उठल्यावर त्याचे पान मांडले जाई. तोच माणूस १५ ऑगस्टच्या सकाळी राष्ट्रगीताचा पहिला स्वर लावतो आणि सरपंच, मुख्याध्यापक, कारखान्याचे व्यवस्थापक, ज्यांनी त्यास काल बसावयास सांगितले नसेल ते सारे त्याच्या स्वरासरशी उभे राहतात. ते राष्ट्रासाठी उभे राहतात हे खरे; पण राष्ट्र त्या क्षणी त्याच्या श्वासातून बोलत असते, हेही तितकेच खरे आहे. त्या ५२ सेकंदांचा मान त्रेपन्नाव्या सेकंदास संपू नये, एवढीच अपेक्षा.

आपला हा टापू आता पूर्वीचा राहिला नाही. निघोजे, महाळुंगे, खराबवाडीच्या शिवारांत जेथे ज्वारी-बाजरी डोलत असे, तेथे देशी व परदेशी कंपन्यांचे मोटारींचे कारखाने उभे आहेत. जर्मन, जपानी, कोरियन पाहुणे आपल्या रस्त्यांवरून जातात. जर्मनीच्या राष्ट्रगीताची चाल हायडन या संगीतकाराने १७९७ मध्ये ऑस्ट्रियाच्या बादशहासाठी बांधली होती, आणि तीही सरळ, पायरीपायरीने चालणाऱ्या स्वरांची आहे. आपल्या मुलांचा एखादा लहान बँड पाहुण्यांच्या स्वागतास त्यांचे आणि आपले, दोन्ही राष्ट्रगीते शुद्ध वाजवू लागला, तर यजमानपणाचा याहून चांगला प्रकार कोणता? शिवाय १९ फेब्रुवारी २०२३ पासून राजा बढे यांच्या 'जय जय महाराष्ट्र माझा' या गीतास राज्यगीताचा मान मिळाला आहे. श्रीनिवास खळे यांची त्याची चाल पितळी वाद्यांवर कशी खुलेल, याचा विचार करण्यासही आपल्या वादकांस वाव आहे.

यास फार मोठा खर्च लागतो असे नाही. दोन कॉर्नेट, एक हॉर्न, एक युफोनियम, एक ड्रम, आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव, आणि शिकविण्यास गावातलाच एखादा जुना बँडवाला. मात्र त्यास 'गुरुजी' म्हणून हाक मारण्याची मुलांस सवय लावावी आणि त्याचे मानधन वेळच्या वेळी द्यावे. आपल्या संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात आजवर राष्ट्रगीत यंत्रावर लावण्यात येते. पुढील वर्षी ते आपल्या मुलांनी वाजवावे, अशी सूचना कार्यकारी मंडळापुढे मी नम्रपणे ठेवीत आहे.

मास्टर कृष्णरावांनी जी कसोटी दिली तिचे मर्म इतकेच आहे की राष्ट्रगीत नुसते लिहून किंवा ठराव करून राष्ट्राचे होत नाही. कोणाच्या तरी ओठांनी, कोणाच्या तरी श्वासाने ते प्रत्येक वेळी नव्याने उभे करावे लागते. तो श्वास ज्याचा, त्यास मांडवाच्या आत बोलावून आपल्या पंक्तीला बसविणे, हे आपणा सर्वांचे कर्तव्य होय.